कॅनडाची नाणी : दुर्मिळ उपप्रकार ओळखायचे कसे आणि प्रमाणपत्रासाठी पाठवायचं कोणतं?

कावेरी_मिसिसागा

घरातल्या कॅनडाच्या नाण्यांची वर्गवारी चालू आहे. बहुतेक साधी चलनी आहेत. त्यातून ही बाजूला काढली आहेत : १९७३ची घोडेस्वाराची २५ सेंटची बरीच, १९६८ची १० सेंटची, १९६५चे आणि २००६चे सेंट, १८९१चा एक मोठा सेंट, १९३६चं २५ सेंटचं एक (खाली ठिपक्यासारखं काहीतरी दिसतं) आणि १९४७चा चांदीचा डॉलर, साल संपल्यावर छोटं पान असलेला.

दोन प्रश्न आहेत. यातला दुर्मिळ उपप्रकार घरच्या घरी खात्रीने ओळखता येतो का? आणि ओळखला तरी प्रमाणपत्र कंपनीकडे (नाणं तपासून त्याचा दर्जा आणि उपप्रकार नोंदवणारी कंपनी) पाठवण्यात अर्थ आहे का, की नुसतीच फी जाते? फोटो अजून काढलेले नाहीत. काय काढायचं तेही सांगा.

---

भिंगवाला

कावेरीताई, यादी चांगली आहे. आधी सामान सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, साधं लोहचुंबक आणि एका बाजूने प्रकाश पाडता येईल असा टेबललॅम्प. यूएसबी मायक्रोस्कोप असला तर फोटोला उपयोगी, पण ओळख भिंगानेच करावी. मायक्रोस्कोपमध्ये प्रत्येक ओरखडा 'दुर्मिळ' वाटायला लागतो.

आता मुख्य मुद्दा. कॅनडाचे बरेचसे प्रसिद्ध उपप्रकार एकाच कारणाने झाले आहेत : टांकसाळीने डिझाइन बदललं आणि बदलाच्या वर्षी जुना साचा थोडा वेळ वापरला गेला. म्हणून नुसतं वर्णन वाचून नाणं ओळखायला जाऊ नका. शेजारच्या वर्षाचं नाणं हातात घ्या आणि दोन्ही एकाच प्रकाशात ठेवा. १९७३साठी १९७२चं, १९६९च्या १० सेंटसाठी १९६८चं, १९६६च्या डॉलरसाठी १९६५चे छोट्या मण्यांचे आणि मोठ्या मण्यांचे दोन्ही (मणी म्हणजे कडेलगतचे बारीक ठिपके), १९५५च्या सेंटसाठी १९५३चे दोन्ही प्रकारचे सेंट. ही तुलनेची नाणी किरकोळ किमतीत मिळतात आणि तासन् तासांचा घोळ वाचवतात.

आणि काहीही झालं तरी नाणी पुसू नका, घासू नका. कापडानेसुद्धा नाही.

---

ओटावाकर

१९७३चं २५ सेंट घेऊ, कारण ताईंकडे तेच जास्त आहेत.

हे नाणं वायव्य घोडेस्वार पोलिसांच्या शताब्दीचं. त्या वर्षी राणीची छोटी आणि जास्त बारकाव्यांची प्रतिमा आणली. पण काही नाणी आधीच्या, म्हणजे १९७२च्या मोठ्या प्रतिमेच्या साच्यावर पडली. सगळी मिळून साडेतेरा कोटींच्या आसपास नाणी निघाली, त्यातली मोठ्या प्रतिमेची फारच थोडी.

नुसत्या नजरेने प्रतिमा 'मोठी वाटते' म्हणून ठरवू नका. झिजलेल्या नाण्यावर सगळंच मोठं वाटतं. मणी मोजा. कडेच्या आतल्या वर्तुळात छोट्या प्रतिमेवर १२० मणी असतात, मोठ्या प्रतिमेवर १३२.

सगळे मोजायची गरज नाही. राणीच्या बाजूचा फोटो सरळ वरून काढा, छापून घ्या, पट्टीने मधोमध उभी-आडवी रेघ मारा. एका पावभागात ३० आले तर साधं, ३३ आले तर पुढचं बोलू. पावभाग दोन वेगळ्या ठिकाणी मोजा, कारण रेघ मण्यावर पडली की एखाददुसरा इकडेतिकडे होतो. ३१-३२ असा आकडा आला तर फोटो तिरका आहे. परत काढा.

वजन ५.०७ ग्रॅम आणि निकेल असल्याने चुंबकाला चिकटणार. न चिकटणारं १९७३चं असेल तर ते वेगळं ठेवून इथे सांगा.

---

रुक्मिणी_विनिपेग

ओटावाकरांच्या सांगण्यात एक भर. बँकेतून नाण्यांचे रोल आणून शोधणाऱ्यांसाठी हे : टांकसाळीचा जुनी निकेलची नाणी परत काढून घेण्याचा कार्यक्रम २००४पासून चालू आहे, त्यामुळे चलनात १९७३ची आता फार कमी सापडतात. तुमच्याकडचा साठा जुना असेल तर शक्यता जास्त, म्हणून सगळी तपासा.

२००६च्या सेंटबद्दल मी लिहिते, कारण इथे चुंबकच सगळं काम करतं.

त्या काळात दोन प्रकारचे सेंट निघत होते. तांब्याचा मुलामा दिलेलं जस्त (२.२५ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही) आणि तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद (२.३५ ग्रॅम, चिकटतं). पोलादाच्या नाण्यावर राणीच्या प्रतिमेखाली इंग्रजी 'पी' असायचं. २००६मध्येच 'पी' काढून त्या जागी टांकसाळीचं बोधचिन्ह आणलं. म्हणजे या एका वर्षात तीन दर्शनी बाजू : काहीच खूण नाही, 'पी', बोधचिन्ह.

बिनखुणेचा जस्ताचा आणि 'पी'चा पोलादाचा, हे नेहमीचे. पोलादावर बिनखुणेचा साचा पडला की बिनखुणेचं पण चिकटणारं नाणं होतं. जस्तावर 'पी' पडला की 'पी' असून न चिकटणारं. हे दोन्ही शोधायचे. बोधचिन्हाचे चिकटणारे आणि न चिकटणारे असे दोन्ही प्रकार आहेत, तेवढ्यावरून उड्या मारू नका.

पद्धत अशी : २००६चे सगळे सेंट एका ताटात पसरून वरून चुंबक फिरवा. चिकटलेल्यांचा एक ढीग, उरलेल्यांचा दुसरा. चिकटलेल्या ढिगात बिनखुणेचं शोधा, दुसऱ्या ढिगात 'पी' शोधा. सापडलं की एकट्याने परत चुंबकाला लावा आणि वजन करा. दोन्ही जुळलं तरच धरा. झिजलेला 'पी' नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, तो भिंगाखाली तिरप्या प्रकाशात बघावा लागतो. 'बिनखुणेचं चिकटणारं' म्हणून पुढे आलेलं नाणं बऱ्याचदा घासलेल्या 'पी'चंच निघतं.

---

शेखर_नाशिक

वाचनखूण साठवली. प्रश्न : सेंट आता चलनात नाहीत ना? मग मिळतात कुठे?

---

रुक्मिणी_विनिपेग

शेवटचा सेंट ४ मे २०१२ला पडला आणि ४ फेब्रुवारी २०१३पासून टांकसाळीने वाटप थांबवलं. पण ते अजून कायदेशीर चलन आहे, बँका जमा करून घेतात. घराघरांत बरण्या भरून पडलेले आहेत, तिथूनच मिळतात.

---

तांबट

सेंट हा माझा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

१९६५ : मण्यांचे दोन आकार आणि सालातल्या ५ च्या टोकाचे दोन प्रकार, अशा चार जोड्या. मणी मोठे की छोटे यावर वाद घालण्यापेक्षा 'रेजिना' शब्दातल्या शेवटच्या 'ए'चं वरचं टोक बघा. छोट्या मण्यांवर ते दोन मण्यांच्या मधल्या फटीकडे रोखलेलं असतं, मोठ्या मण्यांवर थेट एका मण्याकडे. मग ५ च्या वरच्या आडव्या दांडीचं टोक : अणकुचीदार की बोथट. मोठे मणी आणि अणकुचीदार ५ ही जोडी दुर्मिळ. बाकी तिन्ही नेहमीच्या.

इथे चूक होते ती ५ मध्ये. साचा झिजला की अणकुचीदार टोक बोथट दिसतं, आणि नाण्याला धक्का लागला की बोथट टोक पुढे ओढलं जाऊन अणकुचीदार दिसतं. टोकाजवळची धातू सपाट चकाकत असेल तर तो धक्का.

१९५५ : राणीच्या पहिल्या प्रतिमेचा उठाव फार होता, मेरी गिलिक यांचं काम. छपाईत खांदा नीट उठेना म्हणून टांकसाळीत थॉमस शिंगल्स यांनी साचा सुधारला. सुधारलेल्यात खांद्यावर वस्त्राची घडी स्पष्ट आहे, आधीच्यात नाही. १९५३मध्ये दोन्ही प्रकार मुबलक. १९५४चा बिनघडीचा सेंट फक्त संग्राहकांसाठीच्या संचांमध्ये आला. १९५५चा बिनघडीचा मात्र चलनात गेला आणि तो मिळणं अवघड.

झिजलेल्या सेंटवर खांद्याकडे बघून काहीच कळत नाही. अक्षरं बघा. बिनघडीच्या प्रकारात 'आय' अक्षराची वरखालची टोकं फाकलेली असतात. घडीच्या प्रकारात 'आय' जवळजवळ सरळ काडी. 'डेई' आणि 'ग्राशिया' या शब्दांतले आय बघा. शेजारी १९५३चे दोन्ही ठेवले की दहा सेकंदांचं काम आहे.

१८९१ : व्हिक्टोरियाच्या मोठ्या सेंटवर साल लहान-मोठं आणि पानं लहान-मोठी. मोठं साल-मोठी पानं हा नेहमीचा. लहान साल-लहान पानं कमी. लहान साल-मोठी पानं सर्वांत कमी. १८९०पर्यंतची पानं मोठी आहेत, १८९२पासूनची लहान, म्हणजे तुलना कशाशी करायची ते आलंच. वजन ५.६७ ग्रॅम. पान मोठं की लहान हे कडेच्या मण्यांपासूनच्या अंतरावरून बघा, पानाच्या रुंदीवरून नाही. झीज रुंदी बदलते, जागा बदलत नाही.

१८५९ : ताईंकडे नाही, पण लोक विचारणारच. १८५८च्या साच्यावर ९ ठोकून केलेला रुंद ९ हा ओळखायला सोपा, ९ च्या पोटात ८ चे अवशेष दिसतात. त्याच वर्षी पितळी धातूचेही काही आहेत, आणि तिथे रंगावरून ठरवणं धोक्याचं. साफ केलेलं कांस्यही पिवळं दिसतं. पितळी म्हणून मोठी किंमत सांगत असेल कुणी, तर धातूची चाचणी आणि प्रमाणपत्र नसताना घेऊच नका.

---

ओटावाकर

१९६८च्या १० सेंटचंही सांगून टाकतो. त्या वर्षी काही नाणी ५० टक्के चांदीची होती आणि काही निकेलची. चुंबकाला चिकटलं की निकेल. निकेलची ओटावात आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, दोन्ही ठिकाणी पडली. कडेच्या खाचांचा तळ बघा : ओटावाचा 'व्ही'सारखा निमुळता, फिलाडेल्फियाचा सपाट. नाणं उभं धरून भिंगाखाली फिरवलं की लगेच दिसतं.

पण दोन्हीकडे साडेआठ कोटींच्या आसपास नाणी निघाली. संग्रहात दोन्ही असावीत, पाठवायची एकही नाहीत.

शोधायचं असेल तर १९६९चं १० सेंट शोधा. त्या वर्षी जहाजाचं चित्र लहान करून नव्याने आखलं. १९६८सारखं मोठं जहाज आणि मोठं साल असलेली १९६९ची ज्ञात नाणी अगदी मोजकी आहेत.

---

भिंगवाला

आता १९३६चा ठिपका. यात सर्वांत जास्त बनवाबनवी चालते, म्हणून सावकाश.

ब्रिटनचा राजा आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६मध्ये राज्यत्याग केला. सहाव्या जॉर्जचे साचे लंडनहून यायला वेळ लागला आणि १९३७च्या सुरुवातीला नाण्यांची गरज पडली. म्हणून १९३६च्याच साच्यात, पाचव्या जॉर्जच्या प्रतिमेसह, एक छोटा ठिपका पाडून काही नाणी काढली. सेंटवर तो सालाच्या खाली, १० आणि २५ सेंटवर पानांच्या माळेच्या गाठीखाली. ठिपक्याचे सेंट फक्त तीन माहीत आहेत आणि १० सेंटही बोटांवर मोजण्याएवढेच, त्यामुळे घरच्या डब्यात ते निघण्याची आशा धरू नका. २५ सेंट मात्र खरंच चलनात गेलं, १,५३,३२२ नाणी. सापडू शकतं.

खरा ठिपका साच्यातल्या खळग्यातून उठलेला असतो. म्हणजे तो आणि पार्श्वभूमी एकच धातू, एकच रंग, आणि ठिपक्याच्या बुडाशी पृष्ठभाग अखंड. खोट्याचे प्रकार असे :

चिकटवलेला किंवा डाखाचा ठिपका : बुडाशी बारीक कडा किंवा वेगळ्या रंगाची रेघ, भोवती तापल्याचा डाग.

आजूबाजूची धातू सरकवून उभा केलेला : ठिपक्याभोवती खंदकासारखी खोलगट जागा आणि हत्याराच्या समांतर रेघा.

धूळ किंवा जुनी चिकट घाण : शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवलं की निघून जातं. घासायचं नाही, नुसतं बुडवायचं आणि बाहेर काढून हवेत सुकू द्यायचं. खिडकी उघडी ठेवा आणि आगीपासून दूर राहा. नेलपॉलिश काढायचं बाटलीतलं नको, त्यात तेल आणि सुगंध असतात.

वजन ५.८३ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेल्याला थोडं कमी चालेल. चांदीचं असल्याने चिकटता कामा नये. फोटो काढताना ठिपक्यावर प्रकाश एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाडा. दोन्हींत सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडली तर तो उंचवटा, नाहीतर खड्डा.

हे सगळं जुळलं तरी या नाण्यावर माझं मत पक्कं आहे : प्रमाणपत्राशिवाय विकायचं नाही आणि घ्यायचंही नाही.

---

सुमेधा_पुणे

१९४७च्या पानाबद्दल मला सांगायचं आहे, कारण त्याचा थेट संबंध आपल्याशी आहे.

१९४७पर्यंत कॅनडाच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या नावापुढे 'एट इंड इंप' असायचं, म्हणजे 'आणि भारताचा सम्राट'. आपल्या इथल्या रुपया-आण्यांवर तेव्हा 'किंग एम्परर' होतं. भारत स्वतंत्र झाल्यावर ती पदवी काढायची म्हणून नवे साचे लागले, आणि ते १९४८ बराच पुढे जाईपर्यंत कॅनडात पोचले नाहीत. तोवर १९४७च्याच साच्यात सालानंतर छोटं मेपलचं पान टाकून १९४८मध्ये नाणी काढली. म्हणून पानाच्या डॉलरवर साल १९४७ आहे आणि पदवी अजून जुनीच आहे. पानाचे डॉलर २१,१३५ निघाले. मग नवे साचे आल्यावर १९४८चे डॉलर फक्त १८,७८० निघाले, आणि त्यांवर 'डेई ग्राशिया रेक्स' एवढंच आहे.

यातून एक अचूक चाचणी मिळते. १९४८चा डॉलर म्हणून दिलेल्या नाण्यावर 'इंड इंप' असेल, तर तो १९४६ किंवा १९४७च्या नाण्याचा आकडा बदललेला आहे. दुसरं काही तपासायची गरजच नाही. स्वातंत्र्याची खूण परक्या देशाच्या नाण्यावर अशी कोरलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

भिंगवाला

सुमेधाताई, उत्तम. एक जोड देतो : ५० सेंटमध्ये ही चाचणी अर्धीच चालते. १९४९च्या ५० सेंटवरही नवीनच पदवी आहे, त्यामुळे ९ चा ८ केला तर पदवीवरून पकडता येत नाही. तिथे ८ च्या खालच्या डाव्या बाजूला घासल्याच्या किंवा भर घातल्याच्या खुणा शोधाव्या लागतात.

कावेरीताईंच्या डॉलरसाठी : वजन २३.३ ग्रॅम, व्यास ३६ मिलिमीटर. पान बारीक असलं तरी त्याच्या कडा आणि देठ दिसले पाहिजेत. १९४७च्या ५ आणि २५ सेंटवर सालानंतर नुसता ठिपका असलेलाही प्रकार आहे, तो पानाचा नव्हे. तिथे साच्याचा कण तुटल्याचं मानलं जातं. आणि ५० सेंटमध्ये पान आणि वळलेल्या शेपटीचा ७ ही जोडी दुर्मिळ. सरळ ७ आणि पान त्यामानाने मिळतं.

---

अमोघ

अर्नप्रायर डॉलरबद्दल कुणी लिहिलं नाही. जालावर प्रत्येक १९५५चा डॉलर 'अर्नप्रायर' म्हणून विकायला ठेवलेला दिसतो. नक्की काय बघायचं?

---

ओटावाकर

डॉलरवर होडीचं चित्र आहे, त्या होडीच्या उजव्या टोकापुढच्या पाण्याच्या रेषा. साध्या डॉलरवर तीन तरी स्पष्ट रेषा असतात. अर्नप्रायरमध्ये दीड. डिसेंबर १९५५मध्ये ऑन्टारिओतल्या अर्नप्रायर गावच्या एका कंपनीसाठी २,००० डॉलर काढले, त्यांचा साचा जास्त घासला गेला होता म्हणून रेषा गेल्या. नाव तिथून आलं. नंतर इतर वर्षांच्या तशाच नाण्यांनाही ते चिकटलं.

गोंधळ होतो कारण रेषा तीन कारणांनी जातात : साचा घासल्याने, नाणं झिजल्याने आणि छाप कमजोर पडल्याने. साचा घासला असेल तर नाणं बाकी सगळं धारदार असून रेषाच तुटक असतात. झिजलं असेल तर वल्हेकऱ्यांचे चेहरे आणि होडीतल्या गाठोड्यांचे बारकावेही गेलेले असतात. म्हणून चलनात झिजलेला अर्नप्रायर मी धरत नाही. बऱ्यापैकी ताज्या नाण्यावरच तो सिद्ध होतो. अडीच रेषा असतील तर तो 'तोकड्या रेषांचा' डॉलर. त्याला अर्नप्रायरची किंमत देऊ नये.

---

अमोघ

आभार. आणि अक्षरं दुहेरी दिसतात त्याचं काय? माझ्याकडच्या निम्म्या सेंटांवर तसं दिसतंय.

---

तांबट

निम्म्या सेंटांवर दिसतंय हेच उत्तर आहे. छाप पडल्यावर साचा किंचित हलला की अक्षराच्या कडेला सपाट पायरी पडते. त्या पायरीमुळे मूळ अक्षर बारीक होतं. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात आणि त्याला किंमत नाही. साच्यातच दुहेरी छाप असेल तर अक्षर जाड होतं, दोन्ही छाप गोलाकार उठलेले असतात आणि टोकांना खाच दिसते.

मुलाम्याच्या सेंटांवर आणखी एक : जस्ताच्या कडेला मुलामा फाटून अक्षराशेजारी करडी रेघ दिसते, आणि मुलाम्याखाली हवा राहून फोड येतात. दोन्ही निर्मितीतले दोष आहेत, उपप्रकार नव्हेत.

---

कावेरी_मिसिसागा

सगळ्यांचे आभार. १९७३ची मोजते आहे. आता प्रमाणपत्राबद्दल. कॅनडातलीच कंपनी बरी की अमेरिकेतली? आणि कोणतं नाणं पाठवणं परवडतं?

---

रुक्मिणी_विनिपेग

आधी परवडण्याचं. खर्चात चार गोष्टी धरा : फी, उपप्रकार लेबलावर लिहून घेण्याचे पैसे (अमेरिकी कंपन्या हे वेगळे घेतात), जाण्यायेण्याचं टपाल, आणि विमा. मग प्रश्न एकच : प्रमाणपत्राने किंमत या खर्चाहून जास्त वाढते का?

उदाहरणाचे आकडे घेऊ. सगळा खर्च नाण्यामागे ६० डॉलर. नाणं तसंच विकलं तर ४०, प्रमाणपत्रासह ८०. हातात पडले २०, म्हणजे न पाठवलं असतं तर दुप्पट मिळाले असते. तेच नाणं तसंच १०० आणि प्रमाणपत्रासह ३०० असेल तर पाठवा. पाच-सहा नाणी एकत्र पाठवली की टपाल आणि विमा विभागला जातो, म्हणून घाई न करता गठ्ठा जमवावा.

आता हे आकडे लावायचे तर नाण्याचा दर्जा आधी स्वतःला ठरवता यायला हवा, आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. आपल्या नाण्याला सगळेच दोन पायऱ्या जास्त देतात. हिशेब करताना तुमच्या अंदाजापेक्षा एक पायरी खाली धरा. तिथेही परवडत असेल तरच पाठवा.

---

ओटावाकर

कंपन्यांबद्दल. कॅनडात आयसीसीएस, टोरांटोची, १९८६पासून. नाणं मऊ पाकिटात, क्रमांकाच्या कार्डासह परत येतं. कॅनडाचे व्यापारी आणि जुने संग्राहक तिचा दर्जा मानतात, आणि कॅनडाचे उपप्रकार तिथल्या लोकांच्या रोजच्या हाताखालचे. सीसीसीएसही आहे. अमेरिकेच्या पीसीजीएस आणि एनजीसी : कडक प्लास्टिकची सीलबंद पेटी, क्रमांक जालावर तपासता येतो, आणि कॅनडाबाहेरचा ग्राहक त्यांनाच ओळखतो.

माझं मत : कॅनडात विकायचं, नाणं मध्यम किमतीचं आणि कॅटलॉगमधला उपप्रकार असेल तर आयसीसीएस. किंमत मोठी असेल किंवा जागतिक लिलावात जायचं असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी.

---

भिंगवाला

इथे मी ओटावाकरांशी पूर्ण सहमत नाही. मऊ पाकीट ही छोटी बाब नाही. महागड्या नाण्याला मी कडक पेटीच घेईन, कितीही फी असो, कारण पाकिटातून नाणं बाहेर काढता येतं आणि विकत घेणाऱ्याला 'हेच ते नाणं का?' ही शंका उरते. १९३६चा ठिपका किंवा १९४८चा डॉलर यांच्या बाबतीत ती शंकाच किंमत पाडते.

---

ओटावाकर

मुद्दा मान्य, त्या दोन नाण्यांपुरता. पण सेंटच्या उपप्रकारांना तीच पद्धत लावली तर फी नाण्याच्या वर जाईल. शिवाय पेट्याही बनावट निघतात. कडक पेटी बघून डोळे मिटायचे नाहीत : क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं, दोन्हींचे ओरखडे जुळवायचे.

---

तांबट

साफ केलेल्या नाण्याचं कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं. तांब्याचा मोठा सेंट लिंबू, चिंच, पितांबरी काहीही लावून चमकवला की संपला. कंपनी त्यावर 'साफ केलेलं' असं नोंदवते, आकड्यातला दर्जा मिळत नाही किंवा मिळाला तरी त्याला शेरा जोडलेला असतो. ओळखायचं असं : नाणं दिव्याखाली हळू फिरवा. मूळ चमक असलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. साफ केलेल्यावर सगळीकडे एकसारखी, निर्जीव चकाकी आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा.

साफ केलेला १८९१चा लहान साल-मोठी पानं असेल तरी पाठवण्यात अर्थ आहे, कारण तिथे उपप्रकाराची खात्री विकली जाते. साफ केलेला साधा १८९१ मात्र पाठवू नका.

---

रुक्मिणी_विनिपेग

ताईंच्या यादीपुरतं माझं मत :

१९३६चा ठिपका : भिंगवाल्यांच्या चाचण्या पास झाल्या तर पाठवाच. १९४७चा पानाचा डॉलर : पाठवा, मोठी झीज असली तरी. १९७३ : १३२ मणी निघाले तर पाठवा, नाही तर एकही नाही. २००६ : चुंबक आणि वजन दोन्ही जुळलेला बिनखुणेचा किंवा 'पी'चा दुर्मिळ निघाला तरच. १९६५ : फक्त मोठे मणी-अणकुचीदार ५, आणि तोही झिजलेला नसेल तर. १८९१ : आधी फोटो टाका. १९६८ : नाही.

---

शेखर_नाशिक

फोटोंची पद्धत आणि पाठवताना नाणी कशी बांधायची, तेवढं सांगाल का?

---

भिंगवाला

फोटो : मोबाईल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर, लेन्स नाण्याला बरोबर समांतर. दिवा एकच, घड्याळात दहाचा आकडा असतो त्या बाजूने. फ्लॅश बंद. प्रत्येक बाजूचा एक पूर्ण फोटो, आणि उपप्रकार ज्या जागी ठरतो त्या जागेचा एक जवळून. तुलनेचं नाणंही त्याच प्रकाशात, त्याच उंचीवरून. काट्यावरचं वजन दिसेल असा एक फोटो. फोटोत रंग सुधारू नका.

बांधणी : नाणं पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, एका पाकिटात एकच. पीव्हीसीच्या पाकिटात राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पाकिटाला पिन मारू नका, पिनेच्या टोकाने शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. पाकिटं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी, मग हलवून बघा. आवाज आला तर आत मोकळी जागा आहे. बाहेरच्या खोक्यावर 'नाणी' हा शब्द नको, पण सीमेपलीकडे जात असेल तर कस्टमच्या कागदावर खरं वर्णन आणि खरी किंमत. टपालाचा विमा नाण्यांना लागू होतो का आणि किती रकमेपर्यंत, हे पैसे भरण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. गठ्ठा घेऊन जाणारा ओळखीचा व्यापारी असेल तर त्याच्यामार्फत पाठवणं बऱ्याचदा स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

फॉर्मवर नुसतं साल आणि किंमत लिहून थांबू नका. उपप्रकार कॅटलॉगमधल्या नावानेच लिहा : '१९७३, २५ सेंट, मोठी प्रतिमा'. अमेरिकी कंपनीकडे उपप्रकार नोंदवण्याचा रकाना वेगळा असतो. तो रिकामा सोडला तर नाणं साध्या १९७३च्या लेबलासह परत येतं आणि दुरुस्तीसाठी परत पाठवावं लागतं. पाठवण्याआधी तो उपप्रकार कंपनीच्या मान्य यादीत आहे ना, तेही बघून घ्या. फॉर्मची प्रत आणि सगळे फोटो स्वतःकडे ठेवा, नाणी परत आली की ओरखडे त्यांच्याशीच जुळवायचे आहेत.